गाईच्या मागे गेलेला रस्ता

खुंटीकाकांना कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. "हे नगर मी आखलं," इथून सुरुवात. आता आखलं होतं मोजणीदार साहेबांनी; काका त्यांच्या मागून खुंट्या ठोकत जायचे, एवढंच. पण साहेब केव्हाच वारले, ते थोडेच हरकत घ्यायला येणार! मोठ्या शहराच्या कडेच्या ओसाड माळावर पाचशे घरं उभी राहिली ती आपल्याच हातोडीच्या जोरावर, असं सांगता सांगता काकांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

फक्त मधला रस्ता वाकडा होता. तो विषय निघाला, की काका सुस्कारा टाकत. "लोकांनी खुंट्या हलवल्या हो. जागा लाटली."

खरं काय घडलं, ते एकट्या काकांना ठाऊक. त्या दिवशी जेवण झाल्यावर साहेब झाडाखाली आडवे झाले. "त्या लांबच्या पांढऱ्या निशाणाकडे बघत सरळ ओळीत ठोक," एवढं सांगून घोरायला लागले. काकाही पेंगतच होते. त्यांनी निशाण म्हणून जे धरलं, ती निघाली पांढरी गाय. गाय चरत चरत डावीकडे सरकली, तिच्यामागून खुंट्या गेल्या आणि खुंट्यांमागून रस्ता. पुढे नकाशा जुळेना, तेव्हा काकांची पाचावर धारण बसली. नवी नोकरी, घरी म्हातारी आई. तोंडातून निघून गेलं, "लोकांनी हलवल्या असतील, साहेब."

त्या वळणावर आठ घरं. त्यातलं पहिलं काकांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. नगराने तिचं नाव ठेवलं रस्ताखाऊ. नळावर, वाचनालयात, दवाखान्याच्या रांगेत कुणी ना कुणी तिला टोमणा मारायचं. काका जवळ असले, तर स्वतःच्या चपला न्याहाळत उभे राहायचे. चपला काही फार बघण्यासारख्या नव्हत्या.

आणि आता नोटीस आली. रस्ता सरळ करणार, आठही घरं अतिक्रमण म्हणून पाडणार, भरपाई नाही. काका बहिणीकडे गेले, तेव्हा ती शिवणाचं मशीन चादरीत बांधत होती.

"दादा, मी वीतभरसुद्धा पुढे सरकले नाही रे," ती म्हणाली. "पण कुणाला पटवू?"

नोटिशीवर हरकती ऐकायला खात्याने सुनावणी ठेवली होती. सुनावणीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. फजितीच व्हायची, तर निदान नीटनेटक्या कपड्यांत व्हावी.

"खुंट्या कुणीच हलवल्या नाहीत," भरल्या सभागृहात ते म्हणाले. "मीच चुकीच्या ठोकल्या. गाईकडे बघून."

हशा पिकला. अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गाय कुणाची होती?"

"ते विचारायचं राहिलं, बाई. मी नगर आखण्यात गुंतलो होतो."

खात्याच्याच माणसाने ठोकलेल्या खुंट्या पाहून लोकांनी घरं बांधली, म्हणजे अतिक्रमण नाही, असं लिहून बाईंनी नोटिसा रद्द केल्या. लोकांनी काकांच्या पाठीवर थापा मारल्या. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, म्हणून काका अगदी तरंगत बहिणीकडे निघाले. चहा मिळेल, जमलं तर कौतुकही होईल, अशी त्यांची समजूत. माणसाने मूर्ख असावं, पण किती!

बातमी आधीच पोचली होती; बहीण दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही.

"आई शेवटच्या दुखण्यात माझ्या हातून पाणी प्यायची आणि रोज विचारायची, 'खरं सांग, तू जागा लाटलीस ना गं?' तू तिच्या पायाशी बसलेला असायचास, दादा. तिला आता कोण सांगणार?"

काका पायरीवर बसले आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हमसून हमसून रडले. बहिणीने त्यांना उठवलं नाही. दारही लावलं नाही.