शांताक्कांचं गाणं मी बंद केलं

नवऱ्याला सांगितलं नाही. मुलांना नाही. देवापुढे बसूनसुद्धा धड शब्दांत कधी उच्चारलं नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून जीभ रेटतेय, नाहीतर हेही झालं नसतं.

आधी शांताक्कांविषयी सांगते. म्हणजे लांबण लावतेय असं वाटेल – लावतेच आहे. पण ती बाई कोण होती हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कसं कळणार?

साठ साल उजाडायचं होतं. ह्यांची नोकरी बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात, आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये. मराठी घरं बरीच होती, म्हणून महिला मंडळ होतं, आणि मंडळाची चिटणीस मी. शांताक्का निपाणीकडच्या. पूर्वी नाटक कंपनीत गायच्या. कंपनी बुडाली, नवरा कुठेतरी निघून गेला, आणि ही बाई एक बाजाची पेटी घेऊन यशवंतपुरात बाजारामागच्या खोलीत येऊन राहिली. मंडळाच्या मुलींना गाणं शिकवायच्या. मंडळ त्यांना महिन्याचे पैसे द्यायचं, त्यावर त्यांची चूल चालायची. दुसरं काही नव्हतं.

आवाज काय सांगू! चिरका नाही, नाजूकही नाही, अगदी भरलेला. शिकवताना मुलगी चुकली की कानडी मिसळून म्हणायच्या, “स्वल्प थांब गं, घाई कुठं आहे?” आणि तीच ओळ पाच वेळा गाऊन दाखवायच्या, कपाळाला आठी नाही. कुणापुढे वाकायच्या नाहीत, कुणाला तोडूनही बोलायच्या नाहीत. मला त्या फार आवडायच्या. खरंच आवडायच्या. आणि तरी – असो, येतेच तिथे.

माझी धाकटी बहीण कुसुम माझ्याकडे राहायची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तिचा. संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू असायचं, हॉलमध्ये. तीळ भाजायचे कुसुमनं, वड्या थापायच्या कुसुमनं, वाण ताटांत लावून ठेवायचं कुसुमनं. आणि बायका यायला लागल्या की हिनं मागच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. कुणी सांगावंही लागायचं नाही, आपणहून उठायची. दार किलकिलं ठेवून शांताक्कांचं गाणं ऐकायची. मला ते बघवायचं नाही. पण बोलायची छाती? ह्यांच्या साहेबांच्या बायको, मालतीबाई, मंडळाच्या अध्यक्ष. आम्ही क्वार्टर्समध्ये राहणार साहेबांच्या सहीनं.

म्हणून मी शांताक्कांकडे गेले. हो, मीच गेले. म्हटलं, “अक्का, तुम्ही बोला ना कुसुमसाठी. तुमचं ऐकतील सगळ्या. तुम्ही कलाकार माणूस.” त्या म्हणाल्या, “सरी, बरं. बोलते.” एवढंच.

त्या वर्षी हळदीकुंकवाला दोन पदं झाली आणि अक्कांनी पेटीचा भाता मिटला. शांतपणे म्हणाल्या, “माझा दादला कुठं आहे, जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. तरी तुम्ही मला पहिलं कुंकू लावलं. आत ती पोर बसलीय, तिचा गेलेला नक्की ठाऊक आहे – एवढाच तिचा दोष की काय? तिला बाहेर बोलवा, मग पुढचं पद म्हणते.”

चारचौघींत स्वतःच्या संसाराची लाज अशी उघडी करायची, तीही दुसऱ्याच्या पोरीसाठी – तुम्हाला जमलं असतं? मला तर नुसतं उठून दार उघडायचं होतं. मी चिटणीस, मी बहीण. मी हातातल्या तिळगुळाच्या ताटाकडे बघत बसले.

कुणीच उठलं नाही. मग अक्का पदर खोचून स्वतःच उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि कुसुमसमोर पाटावर बसून पुढची सगळी पदं तिथे म्हटली. पेटी बाहेरच राहिली होती. नुसत्या गळ्यावर गायल्या. आणि बाहेर आम्ही चाळीस बायका भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो, एकही घरी गेली नाही. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

कुसुम त्या दिवसापासून भांडी घासताना गुणगुणायला लागली. लग्नाआधी गुणगुणायची तशी.

मग मालतीबाईंकडे बैठक झाली. गाणारीनं गावं, शहाणपण शिकवू नये, असं सगळ्यांचं म्हणणं. पैसे आपण गाण्याचे देतो, भाषणाचे नाही. मालतीबाईंनी अक्कांना आधीच बोलावून विचारलं होतं, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? अक्का म्हणाल्या होत्या, “मला माझं डोकं आहे की.” हे मालतीबाईंनी बैठकीत सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. कुसुम माझी बहीण ना. सगळ्यांच्याच नजरा वळल्या.

आता सांगायलाच हवं. मी गप्प बसले असते तरी एक वेळ – पण मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, “त्या बाईनं माझ्या बहिणीचा तमाशा केला. कुसुम दोन दिवस जेवली नाही. आपण त्यांचा वर्गच बंद करू या.” ठराव मीच मांडला. कुणी मागितलाही नव्हता. एखादीनं फार तर समज द्या म्हटलं असतं. मालतीबाईंनी मान डोलावली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

निरोप घेऊन जायचं काम चिटणिसाचं. यशवंतपूरला गेले. अक्कांनी ऐकून घेतलं. ठराव कुणी मांडला हे विचारलं नाही, पण त्यांना कळलं होतं. माझा चेहरा काही लपून राहणारा नाही. त्यांनी कॉफी केली, पितळी पेल्यात ओतून दिली आणि विचारलं, “कुसुम कशी आहे?” मी म्हटलं, बरी आहे. म्हणाल्या, “तिला सूर आहे. वाया घालवू नका.” मी ती कॉफी प्याले. पुरती प्याले.

उन्हाळ्यात अक्कांनी पेटी विकली असं कानावर आलं. पुढे त्या बेंगळुरू सोडून गेल्या. कुठे, ते मी शोधलं नाही. मी त्यांना पढवलं होतं, हे एका शब्दानं त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर मालतीबाईंनी त्यांना ठेवलंही असतं. त्या बोलल्या नाहीत.

त्या दिवशी बैठकीहून घरी आले तेव्हा कुसुम दारातच उभी होती. अक्कांचं काय झालं म्हणाली. मी म्हटलं, बंद केलं गं त्यांनी. तू काही बोलली नाहीस? – तिनं विचारलं. मी म्हटलं, “बोलले. एकटी किती भांडणार?” ती खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिला उठवलं.

पुढे तिनं माझी मुलं वाढवली, माझी दुखणी काढली. माझा शब्द तिच्यासाठी शेवटचा असायचा. आलेल्यागेलेल्याला सांगायची, सगळ्या मंडळाविरुद्ध आमची ताई एकटी उभी राहिली. मी जवळच असायचे. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या नर्सलासुद्धा ती धापा टाकत, मोडक्या कन्नडमध्ये हेच सांगत होती. नर्सनं हसून माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून.

मी हो म्हणाले.