ड्रॉवरमधले विभागप्रमुख
पिकल्या पेरूचा वास आला की मला अंथुर्ण्याची ती दुपार आठवते. मी बारामतीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि विद्यापीठांवर अद्भुत कादंबऱ्या लिहितो. पहिल्या कादंबरीतले विभागप्रमुख प्रत्येक सहीगणिक बोटभर लहान होतात आणि शेवटी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मावतात. ते मी आमच्या विभागाचे निवृत्त प्रमुख असलेल्या सरांवरून बेतले होते. कुणाला कळणार नाही, अशी माझी समजूत होती. पुस्तक येऊन महिना झाला नसेल, तोच सरांचा फोन आला, ‘घरी ये.’ त्यांनीच मला नोकरीत घेतलं होतं. मी एसटीने त्यांच्या गावी, अंथुर्ण्याला गेलो. सर बागेत पेरूंना पिशव्या बांधत होते. एक पेरू कापून, मीठ लावून त्यांनी माझ्या हातात दिला आणि शांतपणे विचारलं, ‘ड्रॉवरमधला तो माणूस मीच न्हवं?’ खोटं बोलावंसं वाटलं, पण ‘होय सर’ एवढंच तोंडून निघालं. त्यांच्या पत्नी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या, ‘वाचताना लई हसले. शेवट वाचला आन् दोन दिस बोलले न्हाईत.’ सर गाठ मारता मारता म्हणाले, ‘लिहिलंस ते खरं हाय. पण मी निघालो की रे बाहेर. त्याला मात्र तू आतच ठिवलास.’ कादंबरीच्या पुढच्या भागात मी त्याला ड्रॉवरमधून बाहेर काढलं, सरांना ते आवडलंही. आता माझ्या कल्पनाशक्तीचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलतो, कारण एका माणसाची सुटका करावी, एवढं काही मला आपणहून सुचलं नव्हतं.