सहा बदकं आणि तीन शिफ्ट

आमच्या बीरगांवच्या गल्लीतली दोन माणसं भेटली, की चहाला उकळी यायच्या आत बदकांचा किस्सा निघतोच. परवा पंडरीच्या बाजारात कापड घेताना जुनी शेजारीण भेटली. कापड राहिलं बाजूला!

आईची आठ बदकं होती. एका दुपारी मुंगसाने दोन नेली. आई दोन दिवस जेवली नाही. "उरलेल्या सहांतलं एक जरी गेलं, तं मी चालली नागपूरले, माहेरी!" तिने जाहीर केलं. बाबा नुकतेच कारखान्यातून रिटायर झालेले. ते जाम घाबरले.

*

बाबांचं सगळं आयुष्य कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर गेलेलं. त्यांनी खुराडं बनवलं तेही लोखंडी अँगलचं! दार उघडायला दोन माणसं लागायची. मुंगूस हरलं, पण अंडी काढताना आम्हीही हरलो. आई म्हणाली, "बदकांसाठी घर सांगतलं होतं, तिजोरी नाई!"

*

मग शेजारच्या साहूकाकांनी राखणीला आपला कुत्रा दिला. बदकांनी पहिल्याच दिवशी टोचून टोचून त्याला खाटेखाली घातलं, वर त्याचा भातही खाल्ला. संध्याकाळी काका हात जोडून हजर. "भैया, मोर कुकुर ला वापस दे दे!"

*

शेवटी बाबांनी शिफ्ट लावल्या. सकाळी आई, दुपारी बाबा, संध्याकाळी साहूकाका. पुढच्या माणसाने बदकं मोजून चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा कारखान्याचा नियम. काका रोज मोजायचे, "छै. हव, ठीक हे!" आता त्या अंगणात मोटारसायकली उभ्या असतात. मला ती रोजची मोजणी फार आठवते.

*

मला बघायला भिलाईहून पाहुणे आले, ते नेमके शिफ्ट बदलायच्या वेळी. आणि साहूकाकांचा पत्ता नाही! मी साडी नेसून मागच्या खिडकीशी उभी. आई मागच्या अंगणात बाबांकडे धावली.

"अवो, पाव्हणे येऊन बसले. तुमी काहून नाई उठून राहिले?"

"रिलिव्हर येऊ दे."

"लोक काय म्हणतीन?"

"मुंगूस कुंपणापाशी फिरून राहिलं. उठू कसा?"

एवढ्यात मुलाचे वडीलच मागे आले. तेही भट्टीवरचेच. त्यांनी बाबांच्या हातातली काठी घेतली, उकिडवे बसले आणि बोटाने मोजू लागले.

"सहा. बरोबर?"

"बरोबर."

"जा तुमी, चहा घ्या. चार्ज माझ्याकडे."

मी खिडकीतूनच आईला सांगितलं, "माझा होकार कळव."

मुलगा मी अजून पाहिलाही नव्हता!