मन लावून केलेली चूक

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर भिंगसाहेब, पाठीमागे नुसतं भिंग. बुटांच्या कारखान्यात हे बत्तीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसले. तयार जोडी हातात घ्यायची, टाचेला टाच लावायची, आणि केसभर फरक दिसला की "चूक!" म्हणून ओरडून मागे भिरकवायची. ज्याने केलंय त्याला चार लोकांत लाज वाटली पाहिजे, असा ह्यांचा हिशोब. मी त्याच कारखान्यात बुटांचा वरचा भाग शिवते, अजूनही शिवते. लग्नाआधी ह्यांनी एका दिवसात माझे अकरा बूट परत पाठवले होते. मी तणतणत भांडायला गेले आणि, कपाळ माझं, लग्न करून बसले.

घरातही तीच तऱ्हा. कॅलेंडर वाकडं लागलंय, डब्याचं झाकण दुसऱ्याच डब्यावर आहे. सिनेमाला जावं तर शेजारून कुरकुर चालूच. "मघाशी ह्याचा शर्ट ओला होता, आता इस्त्रीचा आहे. लोकांना काय आंधळं समजतात?" हसणं म्हणाल तर नावाला नाही. लोक पोट धरून हसायचे आणि आमचं भिंग मख्ख.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तेव्हा एके सकाळी हे डाव्या पायात उजवा आणि उजव्या पायात डावा बूट घालून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. येऊन पेपर उघडला. मी दारात तशीच उभी राहिले. डॉक्टरांनी नंतर कागदावर घड्याळ काढायला लावलं, आकडे सगळे एकाच बाजूला आले, ते सगळं झालं. पण मला जे कळायचं ते त्या दिवशी दारातच कळलं होतं.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. ती चार दिवसांची रजा काढून आली आणि आल्या आल्या मुद्द्याला हात घातला.

"आई, तू दिवसभर कामावर असतेस. शेजारच्या काकू दुपारी एकदा डोकावणार. बाबांनी गॅस चालू ठेवला तर?"

"मी जाताना खालून बंद करून जाते."

"आणि दार उघडून निघून गेले तर? त्या वृद्धाश्रमात नीट सांभाळतात गं, मी बघून आलेय ती जागा."

"माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. मग मी चोवीस तास घरात आहे. तेवढी कळ काढ."

शेवटी ती म्हणाली, "बाबांना चूक-बरोबर कळतंय तोवर राहू देत घरी. पण ज्या दिवशी कळेनासं होईल त्या दिवशी माझ्यापासून लपवायचं नाही." मी तिच्या हातावर हात ठेवून कबूल झाले.

त्याच रजेत ती संध्याकाळी आपली जपानी कार्टून लावून बसायची. एवढी घोडी झाली तरी कार्टून! आपल्या भाषेत आवाज दिलेले होते, तेही चिरके. जग वाचवायला निघालेले पाच वीर. त्यांच्या म्होरक्याला डोक्याच्या जागी किटली. पाचही जण स्वतःची ओळख करून देतात, एवढी लांबण लावतात की राक्षस कंटाळून घरी जातो, आंघोळ करतो, केस विंचरून परत येतो, तरी ओळख चालूच. मग ऐन लढाईत म्होरक्याला बालपण आठवतं. तो अर्धा तास रडतो, आणि राक्षस बिचारा उगारलेली तलवार तशीच धरून थांबतो, हात थरथरतोय. त्यांच्यात एकच शहाणी पोरगी आहे. प्रत्येक वेड्या गोष्टीला ती किंचाळते, "अरे, हे काय चाललंय काय!"

मला काडीचं कळेना. आणि हे हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या पोरीच्या आधीच मांडीवर थाप मारून ओरडले, "चूक!"

"काय मेलं आवडलं ह्यात?" मी विचारलं.

त्या दिवशी डोकं अगदी स्वच्छ होतं ह्यांचं. म्हणाले, "अगं, सगळे सिनेमे असेच असतात. हिरो बोलत बसतो आणि गुंड वाट बघतो. ते चूक करतात आणि लपवतात. हे लोक चूक पुढे आणून ठेवतात. मन लावून केलेली आहे गं ही चूक. बरोबर काय ते पक्कं ठाऊक असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही."

हे वाक्य मी पदरात बांधून घेतलं. बरोबर काय ते ठाऊक असल्याशिवाय हसूही येत नाही, हो ना? मग डॉक्टरांचं घड्याळ गेलं खड्ड्यात. माझी परीक्षा हीच. रोज कामावरून आलं की हातपाय धुवायचे, कार्टून लावायचं आणि ह्यांच्या शेजारी बसायचं. हे हसले की माझा जीव भांड्यात. फोनवर मुलीने विचारलं की मी ठणकावून सांगायची, "खदखदून हसतात. नको तिथे एकदाही नाही." पुढे हे माझं नाव विसरले, आंघोळ झाली की नाही ते विसरले. ते मी तिला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हसतात ना, मग झालं! हळूहळू मलाही त्या किटलीची गोडी लागली. दोघं मिळून हसायचो. लग्नानंतर इतकं कधी हसलो नव्हतो, खरंच सांगते.

असे आठ महिने गेले.

मग माझी दाढ काढावी लागली. दातवाल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात कापूस कोंबला आणि बजावलं, आज बोलायचं नाही, हसायचं नाही. संध्याकाळी नेहमीसारखं लावून दिलं. त्या दिवशी सूर्य नोकरीच्या मुलाखतीला आला होता. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची जागा. "अनुभव?" किटली विचारते. सूर्य मान खाली घालून म्हणतो, "रात्रीचा नाही." त्याच्या उजेडाने अर्जाचा कागद पेटतो, टेबल पेटतं, आणि ती पोरगी किंचाळते.

माझ्या पोटात हसू उसळलं, पण मी जबडा घट्ट धरला. शेजारून काहीच आवाज नाही. मी मान वळवली.

हे टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. एका हाताने सोफ्याची कड धरलेली, पुढे वाकलेले, डोळ्यांत तेल घालून माझा चेहरा तपासत होते. तसे, जसे टेबलावर बसून बूट तपासायचे. माझे ओठ हलतात का, गाल वर जातात का. किती महिने हेच चाललं होतं देव जाणे! मी मूर्ख, पडद्याकडे बघत बसले. माझ्या हसण्याला जोडून ह्यांचं हसणं, आणि मी ते फोनवर मुलीला छातीठोकपणे ऐकवत होते.

माझा चेहरा हलेना, तसे हे घाबरले. अगदी हळू, कोणी ऐकेल अशा धाकाने, मला विचारलं,

"इथे हसायचं का?"

मी तोंडातला कापूस काढला. "हो," म्हटलं, "हसा."

हे हसले. किती मन लावून हसले! आणि हसताना माझ्याकडे बघत होते, जमतंय का ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला फोन केला. गाल सुजलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते. म्हटलं, त्या जागेचा अर्ज भर. ती रडली. मी रडले नाही, मला कामावर जायचं होतं.

जागा मिळेपर्यंत सतरा दिवस गेले. रोज संध्याकाळी मी कार्टून लावत होते आणि टीव्हीकडे पाठ करून, ह्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी, समोर स्टुलावर बसत होते. नुसत्या आवाजावरून विनोदाची जागा ओळखायची आणि ह्यांच्या आधी हसायचं. एकदाही चुकले नाही.