दारातली विलायती चिंच

आम्ही विलायतेला निघालो त्या दिवशी मांजरसुंब्याच्या फाट्यावर अण्णा, माझे वडील, गाडीतून उतरले. विमानतळापर्यंत यायचं नाही, हे त्यांनी गावी, घाटनांदुरातच ठरवलं होतं. नवरा ढाब्यावर चहा सांगत होता, मी सामानाची यादी तपासत होते. अण्णांनी रुमालाची गाठ सोडली. आत आमच्या दारातल्या झाडाच्या विलायती चिंचा.

"घे माय. विलायतेत काही विलायती चिंच मिळायची न्हाई."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. यादीत चिंचा नव्हत्या, म्हणून मी त्या तिथेच खाऊन टाकल्या.

आता मी बर्मिंगहॅमला एका मोठ्या किचनच्या शिफ्ट लावते. इथेच जन्मलेली माझी मुलगी मुक्ता पंधराची आहे. यंदा ब्रिटिश नागरिकत्वाचं काम हाती घेतलं. अर्ज, परीक्षा, फोटो, सगळं वेळेत झालं. अडलं ते शपथेवर: राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन.

फोनवर अण्णा भडकले. "राजा कावून? इंग्रजासंगं माझं भांडण न्हाई, त्यो आपल्या गावात कवा आलताच न्हाई. पर राजा?"

आमच्यावर राज्य निजामाचं. देश स्वतंत्र झाला तरी आम्ही वर्षभर त्याच्याच ताब्यात राहिलो. म्हणून आमच्याकडे पंधरा ऑगस्टनंतर सतरा सप्टेंबरलाही झेंडा चढतो. माझ्या आजोबांना कचेरीत वाकून सलाम करावा लागे. निजाम गेल्यावर ते म्हणाले होते, "आता कुण्या राजाला सलाम न्हाई." अण्णांनी हे वाक्य जमिनीसारखं सांभाळलं.

मुक्ता शाळेत एम्पायर शिकते. ती मध्येच म्हणाली, "अण्णा राँग आहेत, आई. निजामाला प्रोटेक्ट कोण करत होतं? ब्रिटिश आर्मी. पणजोबा ज्याला वाकायचे, त्याच्या बॉसची शपथ घेणार तू?"

म्हणजे अण्णांचा राग राजावर, मुलीचा इंग्रजावर. नवऱ्याचा फक्त विमानतळावरच्या परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेवर. मी कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला मुक्ताचं कॉलेज, माझी नोकरी, घर, पेन्शन. दुसऱ्या बाजूला आजोबांचं एकच वाक्य. तरी दोन्ही बाजू सारख्याच जड वाटत राहिल्या.

शेवटी घेतली शपथ. टाउन हॉलमध्ये, राजाच्या फोटोखाली. शेजारची नायजेरियन बाई आणि मी 'वारस' या शब्दाशी एकदमच अडखळलो. मग चहा, केक. बाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

"वाकलीस का?"

"नाही. सगळे ताठ उभे होते. नुसता फोटो होता."

"मंग कसला राजा म्हणायचा त्यो!" ते हसले. मग म्हणाले, "आता घाटनांदूरला यायला कुणाला इचारावं लागंल का तुला?"

"कार्ड लागेल, अण्णा."

"इंग्रजाचं?"

"नाही, आपल्याच सरकारचं. दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो."



"म्हंजी आता तू दारातल्या चिंचेवाणी. विलायती."

तो टोमणा होता की समजूत, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते झाड माझ्या जन्माआधीपासून दारात आहे. माझ्या लग्नाच्या मांडवाची दोरी त्यालाच बांधली होती. त्याला आमच्या घरात कधी कुणी परकं मानलं नाही. आणि गावरानही कधी कुणी म्हटलं नाही.