पाच पाकळ्यांचा दगड

सुरतेच्या डिंडोली भागातले आमचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, यांनी आयुष्यात कशावरही पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही. पाऊस अंगावर पडला तरी वरच्या मजल्यावरून कुणी पाणी ओतत नाही ना, हे ते आधी मान वर करून पाहतात. कलिंगड गोड निघालं तर त्याला सुई टोचलेली असणार. शेजाऱ्याने नमस्कार केला तर त्याला काहीतरी मागायचं असणार. कापडाच्या मिलमध्ये माल तपासण्यात त्यांची हयात गेली. चांगल्या ताग्यातही दोष हुडकायची ती सवय निवृत्तीनंतर घरी आली, आणि घरी तपासायला मावशी एकटीच होती.

ही मावशी नर्मदेकडच्या डोंगराळ मुलखात एका लग्नाला गेली होती. तिथल्या ओहोळात तिला लिंबाएवढा दगड सापडला. त्यावर पाच पाकळ्यांचं रेखीव फूल. तिने तो आणून देवघरात ठेवला. काकांनी तो भिंगाखाली धरला, नखाने खरवडला, वर लिंबू पिळलं. बारीक फेस आला, तशी त्यांची खात्रीच पटली: चुन्याचा माल आहे, साच्यातून काढलेला, कुणीतरी हिला गंडवलं. मावशी म्हणाली, दगड तिने स्वतः चिखलातून उचलला, आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणी नव्हतं हेच संशयास्पद, असं काकांचं मत पडलं. त्यानंतर मावशी बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण मुकाट्याने.

शेवटी तिला खोटं पाडायलाच काका मला घेऊन माझ्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या बाईंकडे गेले. फेसाचं ऐकून बाई हसल्या. चुनाच तो, म्हणाल्या, पण समुद्राच्या तळाशी साचलेला. हा बहुधा समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याचा जीवाश्म, आणि फूल त्याच्या अंगचंच. त्या डोंगरांच्या जागी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. नीट तपासायला ठेवून जा, असं त्या म्हणताच काकांनी दगड झटकन खिशात घातला. जिन्यात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ठेवून जा म्हणते, म्हणजे खरा आहे."

घरी त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मावशीने टोमणा मारला नाही. तो समुद्र मग गेला कुठे, एवढंच तिने आपल्या अहिराणीत विचारलं, "मंग तो समुद्र गया कथा?"

रविवारी काकांनी तिला डुमसच्या किनाऱ्यावर नेलं, सोबत मला घेतलं. सुरतेत उभा जन्म काढून मावशीने समुद्र पाहिला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. पाणी पार दूर गेलेलं, समोर नुसता काळा चिखल. मावशी पदर सावरत तिकडे बघत राहिली. काकांनी रुमाल झटकून तिच्यासाठी वाळूवर अंथरला.

"बस," ते म्हणाले. "येईल तो."