दाजींनी होडी घेतली

जुनी वस्तू घ्यायला निघालेला आमच्या दाजींइतका संशयी माणूस जगात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. सायकल असो की पत्र्याची ट्रंक, विकणाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "चांगली हाय तर इकतायसा कशाला?" कुणी कसलंही उत्तर दिलं तरी त्यांना ते पटायचं नाही. जन्मभर बैल पारखले, त्यामुळे ते सगळ्याच गोष्टी बैलासारख्या पारखत. एकदा जुना रेडिओ त्यांनी आठ दिवस घरी बघायला म्हणून ठेवून घेतला आणि नवव्या दिवशी "ह्यो खोकतोय" म्हणून परत केला.

अशा माणसावर जुनी होडी घ्यायची वेळ आली. आक्काचं हृदय दुबळं झालं होतं. दर महिन्याला तिला जोयड्याला दवाखान्यात न्यावं लागे. घरापासून बसपर्यंत जंगलातून दोन तासांची चढण, तेच सुपा धरणाच्या पाण्यातून पलीकडे गेलं की थांबा समोरच. पण होड्यांचे भाव होमस्टेवाल्यांनी पार चढवून ठेवलेले. पर्यटकांना फिरवायला ते मिळेल ती होडी उचलत. भोकाला डांबर फासलेलीसुद्धा नव्याच्या भावात जायची. दाजी मात्र प्रत्येक होडीवर टकटक करून कान लावणार, खाली निजून तळ बघणार. जुनी होडी विकायला काढलेल्या एका होमस्टेवाल्याचा हात तर त्यांनी बैलबाजाराच्या रीतीनं आपल्या टॉवेलाखाली ओढला आणि भाव सांगायला बोटं दाबू लागले. तो बिचारा दचकला. "काका, हात सोडा. रेट फिक्स हाय." मग दाजी विचार करायला घरी यायचे आणि आठवड्यानं परत जायचे. तोवर भाव वाढलेला असायचा, नाहीतर होडीच गेलेली असायची. असे दोन पावसाळे गेले. आक्का म्हणायची, "ह्ये होडी बघालायत का सून, द्येवाला ठावं."

पुढं पुढं मला हसू येईनासं झालं. एकदा चिडून म्हणालो, "दाजी, आता कसली तरी घेऊन टाका. तिला चालवत नाही."

ते खाली बघत म्हणाले, "पावणं, तिला पवाय येत न्हाई. गळकी निघाली तर?"

गेल्या माघात आक्काला फारच धाप लागली. हाकेच्या अंतरावर कुणाची होडी नव्हती; खुर्चीला बांबू बांधून चौघांनी तिला खांद्यावर घेतलं आणि चढण धरली. दाजी शेजारून तिचा हात धरून चालत होते. अर्ध्या वाटेत ती गेली. खरं सांगतो, त्या दिवशी मला दाजींचं तोंड बघवत नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर दाजींनी नजरेला पडली ती पहिली होडी, मागितल्या भावात घेतली. मी परत निघालो तेव्हा स्वतः वल्हवत पलीकडे सोडायला आले. होडी थेंबभरही गळली नाही. वीस मिनिटांत आम्ही काठाला लागलो. दाजींनी वल्हं आत घेतलं आणि थांब्याकडे बघत राहिले.

"एवढंच हुतं बघा, पावणं," ते म्हणाले.

बस आली, जराशी थांबली आणि गेली. मला काही होडीतून उतरवेना.